अवरक्त मौन

वसमत
२ जुलै २००३

चि. करुणास,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन नंबर कुरुंद्याहून तुझ्या आबांनी पाठवला, पण मी फोन करणार नाही. फोनवर शुद्धलेखन दिसत नाही, हे एक कारण. दुसरे असे की सध्या मी बोलले की पलीकडच्याला वाटते, कोणी पत्र्यावरून वाळू ओढत आहे.

महाशिवरात्रीपासून माझा आवाज बसला आहे. इथल्या डॉक्टरांनी गुळण्या दिल्या. शेजारच्या जिवनबाईने हळद दिली. वसमतमध्ये पाय मोडला तरी आधी हळदच देतात. ज्येष्ठमध चघळून जीभ लाकडासारखी झाली. आवाज आहे तिथेच आहे, म्हणजे नाही.

निवृत्त होऊन चार वर्षे झाली तरी संध्याकाळी ओट्यावर दहावीची मुले येतात. त्यांना मी आता फळ्यावर लिहून रागावते. त्याचा काही उपयोग होत नाही. शिवाय सतरा सप्टेंबर जवळ येत आहे. मुक्तिसंग्राम दिनाला शाळेच्या मैदानावर मी दरवर्षी बोलते, आणि माईकशिवाय बोलते. माईक हा कमी आवाजाच्या माणसांचा आधार आहे.

तू गळ्याची डॉक्टर आहेस आणि सातवी ते दहावी मी तुला मराठी शिकवले आहे. तेव्हा खरे काय ते सांगायचे तुझ्यावर बंधन आहे. मला माझा आवाज परत हवा. तो नसेल तर मी फक्त एक चष्मा लावलेली म्हातारी आहे, आणि तशा या गल्लीत पुष्कळ आहेत.

तुझी
नीलांबरी औंढेकर


औरंगाबाद
७ जुलै २००३

आदरणीय बाई,
जयभीम आणि नमस्कार.

तुमचे पत्र मी उभी राहून वाचले. सिस्टरने विचारले, कोणाचं पत्र आहे मॅडम? म्हटलं, ज्यांनी पट्टी मारली त्यांचं.

इतके महिने आवाज बसलेला असणे मला आवडलेले नाही. गुळण्यांचे पाणी स्वरयंत्रापर्यंत पोचतच नाही, ते वरच्या वर राहते. हळद पोचत असती तर वसमतमध्ये कोणाचाच आवाज बसला नसता. पुढच्या आठवड्यात या. मी दूर्बिणीने आत पाहीन. काकांना सोबत आणा. तोवर कमी बोला, आणि कुजबुजू तर अजिबात नका. कुजबुजण्याने गळ्यावर ताण कमी होत नाही, वाढतो.

आबांना सांगितले तर म्हणाले, "बाईचा आवाज बसला म्हंजे वसमतचा भोंगा बंद पडला. कारखान्याचा न्हाई, ह्यो दुसरा." ते बोलले तसे लिहिले आहे. राग आबांवर काढावा.

तुमची
करुणा


वसमत
२४ जुलै २००३

चि. करुणास,
आशीर्वाद.

दुर्बीण या शब्दात दु ऱ्हस्व आहे. ज्या वस्तूने तू रोज माणसांच्या गळ्यात पाहतेस तिचे नाव तरी नीट लिहावेस.

आता त्या दुर्बिणीतून तुला जे दिसले त्याविषयी. तू बराच वेळ पाहिलेस, मग दिवा बंद केलास, हात धुतलेस आणि म्हणालीस, "बघू या, बाई." काकांकडे पाहून हसलीस. मी तीस वर्षे निकाल लावले आहेत. मुलगा नापास झाला असेल तर त्याच्या बापाशी मीही आधी शेतीपाण्याचे बोलत असे.

तेव्हा काय दिसले, काय करणार आणि न केल्यास काय होईल, हे सरळ लिहून पाठव. मराठीत लिही. इंग्रजी शब्दांमागे लपायची तुम्हा डॉक्टरांना खोड असते. ज्या गोष्टीचे नाव माणसाला आपल्या भाषेत सांगता येत नाही ती त्याला अर्धीच समजलेली असते, हे मी तुला आठवीत सांगितले होते. अजूनही माझे मत तेच आहे.

नीलांबरी औंढेकर


औरंगाबाद
२९ जुलै २००३

आदरणीय बाई,
जयभीम आणि नमस्कार.

सरळ लिहिते. तुमच्या दोन्ही स्वरतंतूंवर, पुढच्या टोकाला, पांढरा चट्टा आहे. आयुष्यभर ओरडल्याने तिथली कातडी जाड होते, तसे असू शकेल. कॅन्सरची सुरुवातही असू शकेल. मला ती वाटत नाही, पण नाहीच असे मी काढून तपासल्याशिवाय लिहिणार नाही. काढला नाही तर तो वाढेल.

चट्टा आम्ही लेझरने काढतो. लेझरला मराठी शब्द मी शोधला, मिळाला नाही. पट्टी मारायची तर मारा. एका नळीत वायू भरलेले असतात, मुख्य म्हणजे कार्बन डायऑक्साइड. त्यातून वीज सोडली की एक अवरक्त किरण निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही. आपल्या शरीराच्या पेशींत पाणीच जास्त. ते पाणी हा किरण शोषून घेते आणि क्षणात त्याची वाफ होते. वाफेबरोबर तेवढाच थर उडून जातो. खालच्या थराला जवळजवळ धक्का लागत नाही आणि रक्तही फारसे येत नाही, कारण बारीक रक्तवाहिन्या जागच्या जागी बंद होतात. कागदावरचे एक अक्षर खोडावे आणि कागद फाटू नये, इतके ते नाजूक काम आहे.

आता किरण दिसतच नाही, तर तो मारायचा कुठे? म्हणून त्याच्या सोबत दुसरा एक लाल किरण सोडतात. त्याचा ठिपका पडतो तिथे खरा किरण पडणार. लाल ठिपक्याने काहीच कापत नाही, तो फक्त जागा दाखवतो. रुग्णाच्या चेहऱ्यावर आणि डोळ्यांवर ओली फडकी ठेवतात. किरण चुकून इकडेतिकडे गेला तर फडक्यातले पाणी त्याला पिऊन टाकते. 

तुम्हाला पूर्ण भूल असेल. काही कळणार नाही. नंतर पंधरा दिवस व्हॉइस रेस्ट. हे सगळ्यांत महत्त्वाचे. दोन्ही तंतूंच्या टोकांना जखम असेल, ती भरेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. बोललात तर तिथे वण पडेल आणि गेलेला आवाज मला परत आणता येणार नाही.

तेरा ऑगस्टला या. सतरा सप्टेंबरपर्यंत वेळ आहे.

तुमची
करुणा


वसमत
४ ऑगस्ट २००३

चि. करुणास,
आशीर्वाद.

पत्र चांगले लिहिले आहेस. 'अवरक्त' हा शब्द वापरलास, समाधान वाटले. म्हणजे सोडावॉटरच्या बाटलीत जो वायू असतो त्यानेच माझा गळा कापणार. काकांना सांगितले तर त्यांनी विचारले, ढेकर येईल का? या माणसाबरोबर मी अडतीस वर्षे काढली आहेत.

दिसतो तो कापत नाही आणि कापतो तो दिसत नाही, हे मला लगेच समजले. मी मुख्याध्यापिका होते. लोक माझ्याकडे बघत. शाळा हेडक्लार्क चालवत असे. आणि ओले फडके आमच्या घरात आहेच. माझा राग घरात कुठेही पडला तरी काका तो पिऊन टाकतात, म्हणून भिंती शाबूत आहेत.

माझ्या दोन अटी आहेत. एक, ऑपरेशनची गोष्ट वसमतमध्ये कोणाला कळता कामा नये. गळा आणि ऑपरेशन हे दोन शब्द एकत्र ऐकले की आमची गल्ली तिसरा शब्द स्वतःच जोडते आणि लगेच भेटायला येऊ लागते. तुझा रिपोर्ट यायच्या आत मला कोणी रडून दाखवलेले चालणार नाही. काकांकडून मी तसे वचन घेतले आहे. ते खोटे बोलू शकत नाहीत. देवस्थानच्या कचेरीत कारकुनी केल्याचा परिणाम. पण गप्प राहू शकतात.

दोन, ऑपरेशननंतरच्या सूचना मराठीत लिहून दे. 'व्हॉइस रेस्ट' असले काही लिहिलेस तर तो कागद तांबड्या शाईने दुरुस्त करून तुला परत पाठवीन.

तेराला येते.

नीलांबरी औंढेकर


वसमत
१८ ऑगस्ट २००३

डॉ. करुणा यांस,
बंडोपंत औंढेकर यांचा आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, प्रकृती ठीक आहे. हिची. दूध, पातळ भात घेते. पाटीवर लिहून मला कामे सांगते. ती पूर्वी तोंडाने सांगायची तेवढीच भरतात, मात्र आता अक्षर वाचावे लागते.

एक घोटाळा झाला आहे, तो तुम्हाला सांगतो.

आम्ही औरंगाबादहून आलो त्याच दिवशी समोरचे तातेराव आले. ते निवृत्त ग्रामसेवक आहेत, आणि गल्लीतल्या कोणत्याही गोष्टीचा अर्थ तेच लावतात. त्यांनी हिला विचारले, "काय बाई, कुठं गेलता?" ही गप्प. दोनदा विचारले तरी गप्प. मग ते माझ्याकडे वळले. "काहून बोलून न्हाई राहिल्या? काई तकलीफ?" ऑपरेशन म्हणायचे नाही असे माझे वचन. खोटे मला जमत नाही. तुमचा सूचनांचा कागद माझ्या खिशात होता. मी तो काढला आणि पहिली ओळ वाचून दाखवली. त्या ओळीत सगळे खरेच होते. तुम्ही लिहिले होते: "पंधरा दिवस संपूर्ण मौन पाळावे."

तातेरावांनी डोक्यावरची टोपी काढली.

त्या संध्याकाळी दोन नारळ आले. दुसऱ्या दिवशी जिवनबाई आली, तिने हिच्या पायावर डोके ठेवले. हिने पाय मागे घेतला तर म्हणाली, "व्हय माय, आमचं पाप लागंल तुमाला." कालपासून ओट्यावर उदबत्ती आहे. कोणी लावली ते कळत नाही.

ही पाटीवर काहीतरी जोरजोरात लिहीत असते. खडू तुटतो. तो तुकडाही लोक नेतात.

काय करावे ते कळवावे.

आपला
बं. रा. औंढेकर


औरंगाबाद
२१ ऑगस्ट २००३

आदरणीय बाई,
जयभीम आणि नमस्कार.

आधी रिपोर्ट. कॅन्सर नाही. पेशी बदलायला सुरुवात झाली होती, तेवढ्यात आपण त्या काढल्या. जे काढायचे ते सगळे निघाले आहे. आता फक्त जखम भरायची बाकी आहे, आणि ते काम माझे नाही, तुमचे.

काकांचे पत्र मिळाले. दोषी मीच आहे. 'व्हॉइस रेस्ट' लिहायचे नाही म्हणून मी बसून शब्द शोधत होते. आबा दोन वर्षांपूर्वी इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आले. दहा दिवस त्यांना मौन होते, ते अजून सगळ्यांना सांगतात. तो शब्द घरात पडलेला होता, छोटा होता, शुद्ध होता. तुम्ही खूश व्हाल असे वाटले. कुरुंद्यात त्याचा अर्थ एक होतो आणि तुमच्या गल्लीत दुसरा, हे माझ्या लक्षात आले नाही.

रागावून बोलू मात्र नका. सत्तावीस तारखेपर्यंत कोणी आरती ओवाळली तरी ओवाळू द्या. गुरुवारपर्यंत तुम्ही संत असलात तर काही बिघडत नाही. आवाज गेला तर कायमचा जाईल.

तुमची
करुणा


वसमत
२३ ऑगस्ट २००३

चि. करुणास,
आशीर्वाद.

रिपोर्ट वाचला. काकांनी देवापुढे दिवा लावला आणि मी त्यांना तो लावू दिला.

बाकी तू लिहिलेस, संत असलात तर काही बिघडत नाही. तू इथे येऊन बस म्हणजे कळेल.

रिपोर्ट चांगला आल्यावर लपवण्याचे कारण उरले नाही. मी पाटीवर ठळक अक्षरांत लिहिले: माझे ऑपरेशन झाले आहे, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. ओट्यावर बायका बसलेल्या होत्या. त्यांतल्या बहुतेकींना वाचता येत नाही, हे तीस वर्षे शाळा चालवून माझ्या गल्लीचे चित्र. तातेरावांनी पाटी हातात घेतली, मनात वाचली, डोळे मिटले आणि म्हणाले, "ऑपरेशन म्हंजे बाईनं अहंकार कापून टाकला. डॉक्टर म्हंजे सद्‌गुरू." मी पाटी हिसकावून लिहिले: तातेराव खोटे सांगत आहेत. त्यांनी तेही वाचले आणि म्हणाले, "संत मानूस आपल्याला संत म्हणून घेतच न्हाई. हीच तर खूण." काका म्हणाले, "अहो, खरंच ऑपरेशन झालंय." पण काकांचे म्हणणे ऐकायची सवय या गल्लीत कोणालाच नाही. ती मीच मोडून ठेवलेली आहे.

आयुष्यभर मी या लोकांना अंगारा घेऊ नका म्हणून सांगितले. घसा फुटेपर्यंत सांगितले, हे आता तुझ्या रिपोर्टवरून सिद्धच झाले. कोणी ऐकले नाही. आता मी काहीच बोलत नाही, तर माझ्याच चुलीतली राख अंगारा म्हणून नेतात. तुझा तो लाल ठिपका मी झाले आहे. सगळे माझ्याकडे बघतात आणि माझ्याने काहीही कापले जात नाही.

हे सगळे मी गुरुवारपर्यंत सोसले असते. पण काल जिवनबाईने नवऱ्याला आणले. वसराम मोंढ्यात हमालांचा मुकादम आहे. गाडी आली की याची हाळी आमच्या घरापर्यंत ऐकू यायची. तो माझ्यापुढे बसला आणि म्हणाला, "बाई, दिवाळीपासून गळा धरलाय." करुणा, तो आवाज मी ओळखते. तो माझाच आवाज आहे, मार्च महिन्यातला, फक्त त्याहून वाईट. तोंडात तंबाखू होती. गिळताना मान वाकडी करत होता.

मी पाटीवर लिहिले: औरंगाबादला जा. जिवनबाईने पाटी तातेरावांपुढे धरली. त्यांनी ती वाचली. मग म्हणाले, "औरंगाबादचं जुनं नाव खडकी. बाई म्हणून राहिल्या, खडकावानी ऱ्हा. हलू नको. समदं बराबर होईल." काकांनी सांगितले की दवाखान्यात न्या. वसराम म्हणाला, "दवाखान्यात गळा कापतेत, मालक. बाईपशी बिनकापता होतंय." जिवनबाईने त्याच्या गळ्याला माझ्या चुलीतली राख लावली.

आता तो सोमवारी पुन्हा येणार आहे, राख लागू पडली का ते दाखवायला. मी काय करू ते लिही.

नीलांबरी औंढेकर


वसमत
२५ ऑगस्ट २००३

चि. करुणास,
आशीर्वाद.

तुझे उत्तर यायच्या आत सोमवार आला. उत्तर आले असते तरी मी काय केले असते ते तुला माहीत आहे, म्हणून वाट पाहिली नाही.

वसराम आला. राखेने गुण आला असे त्याने सांगितले, आणि ते सांगताना त्याला दोनदा थांबावे लागले. जिवनबाई म्हणाली, "माय, अजून पाच सोमवार करावं का?" तातेराव म्हणाले, "अकरा करा. पाच कमी पडतेत."

मी आधी काकांकडे पाहिले. काकांनी मान हलवली, नको म्हणून. ते अगदी रडवेले झाले होते. मग मी बोलले.

"वसराम, ही राख आहे. उद्या सकाळच्या गाडीने औरंगाबादला करुणाकडे जा." एवढेच. पण तुला माझी सवय माहीत आहे. मैदानावरच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असे बोलले. दुसऱ्या वाक्याला गळ्यात काहीतरी उसवल्यासारखे झाले आणि तोंडात रक्ताची चव आली. 'जा' हा शब्द निघाला की नाही, मला सांगता येणार नाही.

मला वाटले, आता यांचा संत मोडला, उठून जातील. जिवनबाई उठली, पदर खोचला आणि नवऱ्याला म्हणाली, "ऊठ. मायनं तुझ्यासाठी मौन सोडलं. आता न्हाई गेलास तर सात पिढ्या मुक्या होतील." तोंडातली तंबाखू तिने त्याला तिथेच थुंकायला लावली. माझ्या तुळशीत थुंकला.

घसा फोडून जे झाले नाही ते दोन वाक्यांत झाले, आणि चुकीच्या कारणाने झाले. तुझ्या नावाची चिठ्ठी देऊन त्यांना पाठवत आहे. मी सोमवारी येते. तोवर बोलणार नाही, हे सांगायची गरज नसावी.

तुझ्या कागदावरचा तो शब्द आधी काढून टाक.

नीलांबरी औंढेकर


औरंगाबाद
४ सप्टेंबर २००३

आदरणीय बाई,
जयभीम आणि नमस्कार.

समोर बसल्यावर मला जे नीट सांगता आले नाही ते लिहिते. तुम्ही मला अशा वेळी लिहायला शिकवले आहे.

पुढच्या टोकाची जखम फाटली होती. आता ती भरते आहे, पण तिथे वण राहणार. आवाज येईल. सोमवारपासून रोज थोडे थोडे बोला. मात्र तो जाड असेल, खालच्या पट्टीत असेल, आणि खोलीच्या बाहेर फारसा जाणार नाही. मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत तर नाहीच. पुन्हा लेझर मारून उपयोग नाही. लेझरने जास्तीचे उडवता येते, गेलेले बसवता येत नाही.

वसरामला कॅन्सर आहे. एकाच तंतूवर, छोटा. परवा लेझरने काढते. तो संपूर्ण निघेल असे मला वाटते, आणि हे मी उगाच लिहीत नाही. पाच सोमवारांनी कदाचित चालले असते. अकरांनी बहुतेक नाही. मग सगळे स्वरयंत्रच काढावे लागले असते.

काल त्याला यंत्र दाखवले. लाल ठिपका भिंतीवर पाडला तर तो घाबरून मागे सरला. मी म्हटले, हा कापत नाही, कापणारा दिसत नाही. तो म्हणाला, "म्हंजे बाईवानीच." कशावरून तसे म्हणाला, मी विचारले नाही.

कागद बदलला आहे. आता पहिली ओळ अशी आहे: "पंधरा दिवस बोलू नये." बघा चालते का.

बाई, सतरा सप्टेंबरचे मला वाईट वाटते.

तुमची
करुणा


वसमत
१९ सप्टेंबर २००३

चि. करुणास,
आशीर्वाद.

वाईट वाटून घेऊ नकोस. सतरा तारखेला मी माईक घेतला. तो तोंडाजवळ धरायचा असतो की लांब, हे मला माहीत नव्हते; शाळेच्या शिपायाने दाखवले. आवाज कसा होता ते मी सांगत नाही. काका म्हणाले, "रेडिओवरच्या बातम्यांसारखा." त्यांना तो आवडला आहे. आता मी घरात काही म्हटले की ते उठून जवळ येतात आणि ऐकतात, कारण लांबून ऐकू येत नाही. तेवढ्यासाठी मी हळू बोलते असे त्यांना वाटते. वाटू दे.

मैदान गप्प होते. इतकी वर्षे मी जी शांतता ओरडून मिळवायची ती या वेळी आधीच तयार होती. तातेराव पहिल्या रांगेत हात जोडून बसले होते. मी निजामाच्या राजवटीबद्दल बोलत होते. त्यांनी त्याचा काय अर्थ लावला असेल, विचार करवत नाही.

आता कामाचे. वसराम घरी आला. तुझा कागद त्याने खिशात ठेवला आणि परभणीला जागेवरून कंडक्टरशी भांडला. "बोलू नये" या शब्दांचा त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. या गल्लीत जन्मापासून प्रत्येकाला कोणी ना कोणी बोलू नकोस म्हणत आलेले आहे. जिवनबाई रडत माझ्याकडे आली. मी त्याला बोलावले आणि या नव्या आवाजात सांगितले की हे बोलायचे नाही असे नव्हे, हे मौन आहे. त्याने तिथेच तोंड मिटले. त्या दिवसापासून एक अक्षर काढलेले नाही. हमालांना हाताने खुणा करतो, आणि ते पूर्वीपेक्षा जास्त ऐकतात.

तातेरावांनी याचाही अर्थ लावला आहे. बाईंनी आपले मौन सोडले आणि ते वसरामला दिले. हे मोंढ्यात पसरले. तेव्हापासून घोगऱ्या आवाजाची माणसे ओट्यावर येतात आणि म्हणतात, बाई, आमालाबी द्या. पहिले दोन दिवस मी समजावून सांगितले. तिसऱ्या दिवशी सोडून दिले. आता मी प्रत्येकाला दहा ओळी वाचायला लावते, वाचता येत नसेल तर पाढे म्हणायला लावते, आणि कान देऊन ऐकते. सर्दी असेल त्याला घरी पाठवते. ज्याचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आहे त्याला सांगते की मौन मी देत नाही, ते औरंगाबादला मिळते. मग ते जातात. वाद घालत नाहीत. सोमवारी चौघे येत आहेत. त्यांतल्या तातेरावांचा घसा मला बरा वाटत नाही. त्यांच्याकडे नीट पाहा, आणि घाई असेल तरी 'बघू या' म्हणू नकोस.

तेव्हा कागदावर पुन्हा 'मौन' असेच लिही. त्या शब्दात ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न येत नाही, तुझी चूक होणार नाही.

तुझी
नीलांबरी औंढेकर